थोपटल्याने मन हलके होते काय?

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आपल्या मोबाईलवर एक नवीच विद्या फिरते आहे. भुवईजवळ, डोळ्याखाली, ओठावर, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाखाली दोन बोटांनी हळूहळू थोपटायचे, तोंडाने एक वाक्य म्हणायचे, आणि पाच-दहा मिनिटांत म्हणे मनावरचा ताण उतरतो. इंग्रजीत याला टॅपिंग म्हणतात. हिंदी-मराठीत त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. कोणी सांगतो भीती जाते, कोणी सांगतो झोप लागते, आणि कोणी तर सांगतो की कर्ज फिटते व मुलीचे लग्नही जमते!

वर्षावासात आमच्या धावड्याच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर बायाबापड्या घरच्या गोष्टी बोलतात. तिथे एका भगिनीने मोबाईल पुढे केला आणि विचारले, “भाऊ, हे खरं हाय का नुसतं थोतांड?” त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. ऐकीव गोष्टीवर होय म्हणणे आणि ऐकीव गोष्टीवर नाही म्हणणे, दोन्ही आपल्याला शोभत नाही. मग मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, स्वतः करून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी दुखणे काय ते पाहू. टेन्शन हा शब्द आता खेड्यातल्या म्हातारीच्याही तोंडी आहे, पण शब्द येण्यापूर्वी दुखणे होतेच. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं भणभण करतं’, ‘रातभर डोळ्याला डोळा लागत नाही’ ही आपल्याच आयाबहिणींची भाषा. पावसाने ओढ दिली की घोर, आणि सोयाबीन काढणीला आले की पाऊस येतो म्हणून घोर. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव पडला की तो तोडणीच्या मजुरीवर येऊन आदळतो. मिरची तोडून हातांची आग होते ती वेगळी, आणि कंपनीच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता जवळ आला की पोटात पेटते ती आग वेगळी. हप्त्याच्या दिवशी काही घरांत चूल उशिरा पेटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

कारकुनीच्या टेबलाशी बसणाऱ्याला माणसांचे चेहरे वाचण्याची सवय लागते. जात पडताळणीचा कागद, शिष्यवृत्तीचा अर्ज, निराधार योजनेचा हयातीचा दाखला. यातला एक कागद कमी पडला की समोरच्याचा घसा कोरडा पडतो, सही करताना हात थरथरतो. “उद्या या” हे दोन शब्द ऐकून मटकन खाली बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. उद्या येणे म्हणजे त्यांच्यासाठी एक दिवसाचा रोज आणि भोकरदनचे जाण्या-येण्याचे भाडे.

ही केवळ आमच्या गावची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातली. आणि देशातल्या एकूण आत्महत्यांत दर चारांमागे एकाहून अधिक माणूस रोजंदारीवर जगणारा होता. शेतकऱ्यांविषयी निदान सभांतून बोलले जाते. रोजंदाराच्या मरणाची बातमी चार ओळींत संपते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशव्यापी पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मनाचा कोणता ना कोणता आजार असल्याचे दिसले. म्हणजे दहांत एक. आपल्या आळीत घरे किती आणि माणसे किती ते ज्याने त्याने मोजावे.

शरीरात काय घडते

संकट दिसले की मेंदू शरीराला हुकूम सोडतो, लढ नाही तर पळ. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांतून अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. हृदय जोराने चालते, श्वास उथळ होतो, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. म्हणून घोर लागला की भूक मरते. समोर वाघ असेल तर ही सगळी तयारी उपयोगाची. पण समोर हप्ता वसूल करणारा माणूस बसला असेल तर लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. तयारी झालेले शरीर जागच्या जागी तापत राहते. हे रोजचेच झाले तर झोप जाते, रक्तदाब वाढतो, लेकरांवर हात उगारला जातो, कोणी बाटलीला जवळ करतो.

या तापलेल्या शरीराला शांत करण्याचा रस्ता शरीरातूनही जातो, केवळ उपदेशातून नाही. “टेन्शन घेऊ नको” असे सांगून आजवर कोणाचे टेन्शन गेले आहे? उलट ज्याला सांगितले तो मनात म्हणतो, ह्याचे काय जाते सांगायला. श्वास सावकाश सोडला की हृदयाचा वेग उतरतो, हे कोणीही मनगटावर बोट ठेवून पाहू शकतो. तसेच मायेच्या आणि लयीच्या स्पर्शाचे. थोपटणे हा शब्द आपल्याला कोणा परदेशी माणसाने शिकवलेला नाही. रडणारे लेकरू खांद्यावर घेऊन आई पाठीवर थोपटते, ते हुंदके देत देत शांत होते. कोणाच्या घरी मयत झाली तर आपण शब्द बोलत नाही, पाठीवर हात ठेवतो.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्पर्शाचे मोल आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? ज्यांच्या आजोबांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, त्यांच्या खांद्यावर परक्या माणसाने सहज ठेवलेला हात म्हणजे काय, हे पुस्तक वाचून कळणार नाही. म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःला मायेने थोपटणे ही गोष्ट आम्हाला प्रथमदर्शनी हसण्यासारखी वाटली नाही.

ही पद्धत आली कोठून

अमेरिकेत रॉजर कॅलहन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९८० च्या सुमारास त्यांच्याकडे मेरी नावाची एक बाई येत असे. तिला पाण्याची विलक्षण भीती. पुष्कळ उपचार करूनही ती जाईना. भीतीने पोटात कसेतरी होते असे ती म्हणाली. कॅलहन त्या वेळी चिनी सुया टोचण्याच्या उपचाराचा अभ्यास करीत होते. त्या शास्त्रात पोटाची नाडी डोळ्याखालून जाते असे मानतात, म्हणून त्यांनी तिला डोळ्याखाली बोटांनी थोपटायला लावले. भीती तेवढ्यात गेली, असे त्यांनी पुढे लिहिले. त्यावरून त्यांनी एक उपचारपद्धती उभी केली, निरनिराळ्या दुखण्यांना निरनिराळे क्रम लावले, आणि वरच्या पायरीचे शिक्षण फार मोठ्या रकमेला विकले. त्यांचेच एक शिष्य गॅरी क्रेग, शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी १९९० च्या दशकात हे सगळे क्रम बाजूला ठेवून सर्वांना एकच सोपा क्रम दिला आणि त्याला इमोशनल फ्रीडम टेक्निक असे नाव ठेवले. आज मोबाईलवर दिसते ती हीच पद्धत.

करायचे ते असे. शांत बसावे. नेमके काय सलते ते एका वाक्यात धरावे. ‘मला टेन्शन आहे’ असे मोघम नको; ‘उद्या हप्ता आहे आणि हातात पैसे नाहीत, म्हणून छातीत धडधडते’ असे नेमके. मग त्या त्रासाला शून्य ते दहा यांपैकी आकडा द्यावा. आमच्या विहारातल्या एका आजीने याला दुःखाची आणेवारी म्हटले. पिकाची आणेवारी काढतात तशी ही मनाची. (तिकडे तलाठी काढतो, इथे स्वतःच काढायची, त्यामुळे खोटी निघण्याचा संभव कमी.) नंतर एका हाताच्या करंगळीकडच्या तळहाताच्या कडेवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी थोपटत ते वाक्य तीन वेळा म्हणावे. मग दोन बोटांनी, दुखणार नाही इतके हळू, प्रत्येक जागी सात-आठ वेळा थोपटत जावे. भुवईचे नाकाकडचे टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यालगतचे हाड, डोळ्याखालचे हाड, नाक आणि वरचा ओठ यांच्या मधली जागा, ओठाखालची हनुवटीची खोबण, गळ्याच्या हाडाच्या खाली, काखेखाली चार बोटांवर, आणि शेवटी टाळू. थोपटताना त्रासाचे नाव पुटपुटत राहावे. एक फेरा झाला की लांब श्वास सोडावा, पुन्हा आकडा द्यावा. आठाचा सहा झाला तर आणखी एक फेरा. डोळ्यावर थोपटायचे नाही, हाडावर थोपटायचे, हे लेकरांना आधी सांगावे.

खर्च काही नाही. साहित्य काही नाही. शिक्षकही लागत नाही. ज्याने हे शिकवायला पैसे मागितले त्याला तिथेच रामराम करावा, किंवा आपला जयभीम!

‘मी स्वतःला स्वीकारतो’ या वाक्यावरचा वाद

मूळ पद्धतीत जे वाक्य म्हणायचे असते त्याचा अर्थ असा, की मला हा त्रास आहे, तरीही मी स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो. हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा बारावीला असलेली एक मुलगी ताडकन म्हणाली, “स्वीकारायचं? आपल्या माणसांना हजारो वर्षं तेच तर करायला लावलं. गपगुमान स्वीकारा म्हणून.”

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही. जे आहे ते गोड मानून घ्या, गेल्या जन्मीचे भोग समजा, ही शिकवण ज्यांच्या गळ्याभोवती फास म्हणून आवळली गेली, त्यांनी ‘स्वीकार’ हा शब्द सावधपणेच उच्चारला पाहिजे. १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली ती परिस्थिती स्वीकारून नव्हे, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली तीही स्वीकारून नव्हे.

पण आम्हाला इथे एक फरक करावासा वाटतो. परिस्थिती स्वीकारणे वेगळे आणि स्वतःला स्वीकारणे वेगळे. अन्यायाने माणसाचे दोन प्रकारे नुकसान होते. बाहेरून तो हक्क हिरावतो, आणि आतून माणसाला आपणच कमी आहोत असे वाटायला लावतो. परमपूज्य बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ते शहरातल्या बागेत जाऊन खिन्न मनाने बसले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. ते खिन्न झाले, पण मी कमी आहे असे त्यांनी मानले नाही. परिस्थिती त्यांनी नाकारली आणि स्वतःला नाकारले नाही. जो स्वतःलाच नाकारतो त्याच्या हातून परिस्थिती बदलण्याचे काम होत नाही, कारण त्याची निम्मी ताकद स्वतःला दोष देण्यात जाते.

म्हणून आमच्या विहारात ते वाक्य बदलण्यात आले. ‘मला हप्त्याची भीती वाटते, पण मी माणूस म्हणून कमी नाही.’ ‘मला पेपरची धास्ती आहे, पण मी अभ्यास केला आहे.’ ‘त्याच्या बोलण्याने माझ्या मनाला लागले, पण त्याचे बोलणे म्हणजे मी नव्हे.’ हे शेवटचे वाक्य त्याच मुलीने केले. वसतिगृहात तिला तिच्या आडनावावरून कोणीतरी टोचून बोलले होते, हे त्या दिवशी तिच्या आईला पहिल्यांदा कळले. थोपटण्याने पुढे काही झाले की नाही ते राहू द्या, हे बोलणे तरी बाहेर पडले.

खरे किती, खोटे किती

भगवान बुद्ध केसपुत्त नगरात गेले, तेव्हा तिथले कालाम लोक गोंधळले होते. जो येतो तो आपलेच मत खरे म्हणतो, विश्वास कोणावर ठेवावा? त्यांना तथागतांनी दिलेली कसोटी आपल्याला पाठ आहे. परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरू म्हणतो म्हणूनही नको. स्वतः पारखून हिताचे दिसले तर घ्या. मोबाईलवर दहा लाख लोकांनी पाहिले म्हणून नको, हे त्यात आजच्या काळाने भर घालावी.

शास्त्रज्ञांनी पारख केली आहे. २००३ साली कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. भीतीचा त्रास असलेल्या या मुलांचे चार गट केले. एकाला ठरलेल्या जागी थोपटायला सांगितले. दुसऱ्याला अंगावर भलत्याच जागी. तिसऱ्याने स्वतःच्या अंगाला हातच लावला नाही, तर एका बाहुलीला थोपटले. चौथा गट कागदाचे खेळणे करीत बसला. निकाल असा, की पहिल्या तिन्ही गटांची भीती उतरली, आणि खेळणे करणाऱ्यांची उतरली नाही. म्हणजे बाहुलीला थोपटणाऱ्यांनाही तितकेच बरे वाटले! ठरावीक जागांत नाड्या आहेत, तिथे शक्ती अडकते आणि थोपटल्याने मोकळी होते, ही जी कथा सांगतात तिचा पायाच या प्रयोगाने डळमळतो.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये ८३ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तासभर थोपटण्याचा उपचार घेतलेल्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाने वाढणारे द्रव्य, सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. नुसती बातचीत केलेल्यांचे व काहीच न केलेल्यांचे सुमारे १४ टक्क्यांनी. मात्र अभ्यास करणारे त्या पद्धतीचे पुरस्कर्तेच होते, हे ध्यानात ठेवावे. आपला माल आपणच तोलला की काटा थोडा झुकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये कॅलहन यांच्या पद्धतीच्या वर्गांना मान्यतेचे गुण नाकारले होते. २०१२ नंतर या प्रकारच्या काही वर्गांना वाट मोकळी झाली. वाद अजून मिटलेला नाही.

मग आमचे मत काय? जागांत जादू नाही. पण माणूस निवांत बसतो, भीतीला नेमके नाव देतो, तिच्याकडे पाठ न फिरवता तिला तोंडाने उच्चारतो, त्याच वेळी हातांना एक संथ काम असते आणि श्वास लांबतो. भीतीच्या डोळ्यांत डोळे घालून शांत बसता आले की ती कमी होते, ही गोष्ट मानसशास्त्रात फार पूर्वीपासून मान्य आहे. थोपटणे हे बहुधा त्या कामाला धरलेले बोट आहे. चालायला येईपर्यंत बोट धरण्यात काही वाईट नाही.

मेक्सिकोत १९९७ साली पॉलिन नावाचे मोठे वादळ आले. अकापुल्को गावात शेकडो घरे वाहून गेली. त्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास या बाईंनी एक सोपी रीत बसवली. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, डावा तळवा उजव्या खांद्याखाली आणि उजवा डाव्या खांद्याखाली, आणि फुलपाखराच्या पंखांसारखे आळीपाळीने थोपटायचे. श्वास संथ. मनात येईल ते येऊ द्यायचे, जाईल ते जाऊ द्यायचे. आज जगभर संकटात सापडलेल्या लेकरांना ही फुलपाखराची मिठी शिकवतात. आमच्या मते लहान मुलांना हीच द्यावी. नऊ जागा पाठ करण्याची कटकट नाही, आणि मुलांना गंमत वाटते.

आणि आपल्या घरची ठेव तर आहेच. आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. सत्यनारायण गोएंका गुरुजींनी १९६९ मध्ये मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली, १९९४ मध्ये तिहार तुरुंगात एक हजारावर कैदी शिबिराला बसले. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत. डोळे मिटून बसल्याने समाज बदलत नाही असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला आदरणीय आहेत. आम्हाला ते एवढेच म्हणतात असे दिसते की डोळे मिटूनच राहू नका. दहा दिवसांची रजा रोजंदाराला परवडत नाही, ही खरी अडचण. पण दहा मिनिटे श्वास पाहायला कोणाची रजा लागते? आमच्या गावापासून अजिंठ्याचा डोंगर लांब नाही. तिथल्या लेण्यांत भिक्खूंच्या निजायच्या दगडी ओट्यांवर बसून पाहावे. आणि आमचे तालुक्याचे गाव भोकरदन, म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. श्वासाकडे पाहण्याची विद्या या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होती, ती अमेरिकेतून मागवावी लागत नाही.

सावधगिरी

आता ज्यासाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली ते. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी व्हिडिओ पाहून रक्तदाबाची गोळी बंद केली. थोपटून रक्तदाब जातो असे त्यात सांगितले होते. महिनाभराने चक्कर येऊन पडल्या, सुदैवाने वाचल्या. थोपटण्याने गोळी सुटत नाही. साखरेची नाही, रक्तदाबाची नाही, मिरगीची नाही, डोक्याच्या डॉक्टरांनी दिलेली तर मुळीच नाही.

गंडेदोरे, उतारे, अंगात येणे हे आपण १९५६ च्या धर्मांतराबरोबर सोडले. आता तेच सोंग मोबाईलच्या दाराने येत असेल तर ओळखले पाहिजे. ‘लहरी’, ‘ऊर्जा’, ‘ब्रह्मांडाला संदेश’ अशी भाषा सुरू झाली की समजावे, बाबा आला, फक्त पोशाख बदलला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्या २०१३ सालीच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो कोणाच्या रक्तावर उभा आहे हे विसरू नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेलेली, मी सर्वांवर भार आहे असे बोलणे, फवारणीच्या औषधाच्या डब्याकडे नजर. ही थोपटण्याची वेळ नव्हे. त्या माणसाला एकटे सोडू नये, डबा कुलपात ठेवावा, आणि “तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार बळावतो हा गैरसमज आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येते. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार होतात. आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील.

पोलीस केस होईल या भीतीने विष घेतलेल्या माणसाला घरीच दडवून ठेवतात आणि वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते व त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलमच उरले नाही. दवाखान्यात नोंद होईल, चौकशी होईल, पण म्हणून गाडी काढायला एक मिनिटही उशीर करू नये.

आणि एक स्पष्ट बोलू. थोपटल्याने हप्ता कमी होत नाही, मजुरी वाढत नाही, अडवलेला दाखला मिळत नाही. ज्या दुःखाचे मूळ शोषणात आहे ते केवळ मनाचे दुखणे म्हणून सांगणे ही लबाडी आहे. वसुलीवाला रात्री दारात येऊन बाईमाणसाला बोलत असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम त्याच्या विरुद्ध आहेत. कर्जाचा कागद घेऊन चारचौघांनी मिळून जाब विचारावा. मात्र जाब विचारायला जाताना पाय लटपटत असतील, तर निघण्यापूर्वी दोन फेरे थोपटून घ्यायला आमची हरकत नाही. त्याचा खरा उपयोग आम्हाला तिथे दिसतो.

सध्या आमच्याकडे त्रिशरण-पंचशील झाल्यावर दहा मिनिटे यासाठी ठेवली आहेत. कोणी थोपटतात, कोणी श्वास पाहतात, कोणी नुसतेच बसतात. काहींना झोप बरी लागते म्हणतात, काहींना काही फरक नाही. एक मावशी म्हणाल्या, “दोन्ही टायमाला भाकरी थापते, तेच माझं थोपटणं.” त्यांचेही चुकीचे नाही. पुरुषमंडळी अजून लांबच बसतात, हसतात. त्यांतले एक गृहस्थ परवा हळूच आमच्याजवळ आले. तारखेला कोर्टात जायचे होते. “भाऊ, तोंडावर थोपटलं तर लोक येडा म्हणतील. बसमधी करायसारखं काही हाय का?” त्यांना हाताची कड दाखवली. पिशवी मांडीवर घ्यावी, हात पिशवीखाली ठेवावा, कोणाला दिसतही नाही.